बंडखोरीचा रियाज

'निर्वाणा' या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमची गोष्ट बहुतेक वेळा दंतकथेसारखी सांगितली जाते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातून तीन फाटकी पोरं आली, मनातली खदखद त्यांनी ओकून टाकली आणि जानेवारी १९९२मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. ऐकायला झकास! पण त्यात त्या पोरांनी उपसलेल्या कष्टांचा पत्ताच नाही.

खदखद तर आधीपासून होतीच. १९८९चा त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच' अवघ्या ६०६ डॉलरमध्ये रेकॉर्ड झाला. त्यातला आरडाओरडा तसूभरही कमी नव्हता, तरी तो दर्दी मंडळींपुरताच राहिला. पुढे १९९०मध्ये ड्रमर डेव्ह ग्रोल आला आणि टॅकोमातल्या एका जुन्या कोठारात महिनोन्महिने तालमी सुरू झाल्या. मे १९९१मध्ये लॉस एंजेलिसच्या 'साउंड सिटी' स्टुडिओत पाऊल ठेवलं तेव्हा बहुतेक चाली घोटून पक्क्या झालेल्या होत्या. गायक-गिटारवादक कर्ट कोबेनचे काही शब्द मात्र ऐनवेळेपर्यंत बदलत राहिले.

निर्माता बुच विगच्या हिकमती तर मुळातून समजून घ्याव्यात अशा. एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवला की गाणं भरदार वाटतं. कोबेनला ही लबाडी वाटे, तो नकार देई. मग विग म्हणे, 'बीटल्स'चा जॉन लेननही असंच करायचा. लेनन हे कोबेनचं दैवत, त्यामुळे काम होऊन जाई. कधी विग टेकमध्ये काहीतरी बिघडल्याची थाप मारूनही त्याला पुन्हा गायला लावी. 'लिथियम' वाजवताना लय पळू लागली, तेव्हा ग्रोलच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक सोडण्यात आली. पंक बँडच्या ड्रमरला!

'समथिंग इन द वे'चं तर वेगळंच झालं. स्टुडिओत गाणं जमेना, म्हणून कोबेन कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर आडवा झाला आणि पाच तारांची बेसूर गिटार छेडत पुटपुटल्यासारखं गायला लागला. विगने पंखा बंद केला, फोनची वायर काढली आणि तिथेच माइक लावले. ड्रम आणि चेलो नंतर त्याच मंद लयीला जुळवून वाजवावे लागले. या अल्बममध्ये सगळ्यात जास्त मेहनत कदाचित सगळ्यात हळू आवाजातल्या या गाण्यावरच पडली असावी.

शुद्धतावादी पंकवाल्यांचा आक्षेप ठरलेला: एवढी चकाकी म्हणजे बाजाराला विकलं जाणं. कोबेननेही पुढे या अल्बमच्या गुळगुळीतपणावर नाक मुरडलं. त्याचं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नये. मिक्सिंगसाठी 'स्लेयर' या मेटल बँडचं काम केलेल्या अँडी वॉलेसला यादीतून त्यानेच निवडलं होतं. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' करताना आपण 'पिक्सीज' या बँडची नक्कल करायला निघालो होतो, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केलं. ग्रोलने तर आपले ठोके 'गॅप बँड'सारख्या फंक-डिस्कोवाल्यांकडून उचलल्याचं सांगितलं. कोणाकडून काय घ्यायचं, हे या मंडळींना नेमकं कळत होतं.

रेकॉर्ड कंपनीला मात्र फारसा भरवसा नव्हता. २४ सप्टेंबर १९९१ला अमेरिकेत बाजारात पाठवल्या त्या जेमतेम ४६ हजार प्रती. पुढे जगभरातला खप तीन कोटींवर गेला.

१९९३च्या 'इन युटेरो' या अल्बमसाठी कोबेनने ही सगळी चकाकी खरवडून काढायचं ठरवलं. निर्मात्याची लुडबुड न खपणाऱ्या ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं आणि सुमारे दोन आठवड्यांत रेकॉर्डिंग उरकलं. ते ऐकल्यावर कंपनी अस्वस्थ झाली आणि बँडलाही ते सगळंच पटेना. शेवटी दोन गाणी निर्माता स्कॉट लिटकडे नव्याने मिक्सिंगला गेली. त्यांतलंच एक, 'हार्ट-शेप्ड बॉक्स', अल्बमचं पहिलं सिंगल म्हणून बाहेर पडलं.