कुकर, तांब्याची नळी आणि कलम ३३

नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंजकडील दाराने बाहेर पडणाऱ्या मराठी माणसाला बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा ही दोन नावे बहुधा ठाऊक असतात. त्या परिसराच्या मागील एका गल्लीत, २०२० च्या एप्रिल महिन्यात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने पाच लिटरच्या कुकरला वातानुकूलन यंत्राची जुनी तांब्याची नळी जोडून दारू गाळण्याचा प्रयत्न केला. टाळेबंदीमुळे दुकाने बंद होती. मुलगा वर्धा जिल्ह्यातला, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातला. हा योगायोग मला आजही विषण्ण करतो. वाफेचा मार्ग तुंबला, झाकण उडाले आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

त्याच्या वडिलांचा मला दूरध्वनी आला तो तिसऱ्या दिवशी. "साहेब, पोरगं दवाखान्यात जायला तयार नाही. म्हणतं, केस होईल, आणि मग परीक्षा पास होऊनही काय उपयोग?" मुलाचे कायद्याचे ज्ञान दुर्दैवाने अचूक होते. दिल्ली उत्पादन शुल्क अधिनियम, २००९ चे कलम ३३ अनधिकृत मद्यनिर्मितीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास, शिवाय किमान पन्नास हजार रुपये दंड सांगते. गाळण्याच्या हेतूने भांडे बाळगणे हाही त्याच कलमाखालचा अपराध. एक पेला गाळला की एक टँकर, हा प्रश्न किमान शिक्षेपुरता गैरलागू आहे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात त्या मुलाला काय लिहावे लागले असते, हे मी वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदाही याच घडणीचा आहे. त्यातील कलम ६५ साहित्य, भट्टी, भांडी, अवजारे अशी सगळी यादी देते. आपल्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याच्या तर नावातच झोपडपट्टीदादांच्या शेजारी 'हातभट्टीवाले' बसवलेले आहेत. (जगातील फार थोड्या अधिनियमांच्या शीर्षकात इतका घरगुती शब्द सापडेल.)

माझा आक्षेप बंदीला नाही. कुकरची भट्टी निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. कुकर हे दाब धरण्यासाठी घडवलेले भांडे आहे, वाफ दूर वाहून नेण्यासाठी नव्हे. इथॅनॉल सुमारे ७८ अंशांवर उकळते, त्याची वाफ पेट घेते, आणि ते सारे बंद खोलीत गॅसच्या ज्वाळेवर चाललेले असते. ज्याला हौस आहे त्याने या वाटेला जाऊ नये, एवढे मी त्या मुलालाही खडसावून सांगितले.

आक्षेप आहे तो भांड्यालाच गुन्हेगार मानून समाधान पावणाऱ्या प्रशासनाला. हेच तांब्याचे भांडे कन्नौजात 'देग' होते, त्याला 'भपका' जोडला की गुलाबाचे अत्तर उतरते. तेच गोव्यात परवान्याने काजूच्या बोंडाचा रस घेते आणि २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलेली फेणी देते. यंत्र तेच, आत काय आहे आणि त्यावर देखरेख कोणाची, एवढाच फरक.

आता मृत्यूंकडे पाहावे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. २०२० मध्ये पंजाबात, २०२२ मध्ये बिहारच्या सारणमध्ये, २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कळ्ळकुरिचीत तेच घडले. मालवणीत आणि कळ्ळकुरिचीत मारेकरी होते मेथॅनॉल. साखर वा गूळ आंबवून ते मारक प्रमाणात तयार होत नाही. ते रासायनिक उद्योगासाठी बनते, पिंपांतून वाहतूक होते, आणि मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर स्वस्त पडते म्हणून दारूत शिरते. काळा गूळ नि नवसागर घातलेली हातभट्टीही यकृताला पुण्य देत नाही. पण एका रात्रीत वस्तीच्या वस्ती आडवी करते ती पिंपातली चोरी.

आणि आपण काय करतो? नाल्याकाठी छापा घालतो. अमुक हजार लिटर रसायन नष्ट, अमुक पिंपे फोडली, असे प्रसिद्धिपत्रक निघते, छायाचित्रात अधिकारी ताठ उभे असतात. अशी पत्रके मीही स्वाक्षरी करून पाठवलेली आहेत. त्यांपैकी एकातही मेथॅनॉलच्या साठा-नोंदवहीचा उल्लेख नव्हता, कारण ती तपासण्यास आम्हांस कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मालवणीच्या खटल्यात २०२४ साली चौदापैकी चार आरोपी दोषी ठरले, दहा सुटले.

अधिकार नाहीत, ही सबब चालणार नाही. १९१९ चा विष अधिनियम राज्यांना विषाच्या विक्रीवर नियम करण्याची मुभा शंभर वर्षे देतो आहे. औद्योगिक मद्यार्काबाबत केंद्राकडे बोट दाखवण्याची सोय होती, तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने संपवली.

दुसरी गोष्ट भीतीची. मेथॅनॉल पोटात गेलेल्या माणसाला फोमेपिझोल किंवा खुद्द इथॅनॉल वेळेवर मिळाले तर तो वाचू शकतो, डोळेही वाचू शकतात. पण जिथे पिणे हाच गुन्हा, तिथे नातलग आधी पोलिसांचा विचार करतात आणि मग डॉक्टरचा. पहाडगंजच्या त्या मुलाने भाजलेल्या हातासाठी दोन दिवस घालवले. विषासाठी दोन दिवस मिळत नाहीत.

न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरते गाळणे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. आपल्याकडे तसे व्हावे असे मी म्हणत नाही. आपली घरे दाट आहेत, स्वयंपाकघरे अरुंद. परंतु स्वतःपुरत्या प्रयत्नाला दंड आणि जप्ती, विक्रीला कारावास, मेथॅनॉल मिसळणाऱ्याला त्याहून कितीतरी कठोर शिक्षा, आणि उपचारासाठी आलेल्यास त्या कारणावरून अभय, एवढी उतरंड लावायला कोणत्या आयोगाची वाट पाहायची?

त्या प्रकरणात शेजाऱ्याच्या तक्रारीवरून एक हवालदार आला होता. त्याने वाकलेला कुकर पाहिला, हात पाहिला, नळी उचलून नेली आणि मुलाला दवाखान्यात पाठवले. नोंद केली नाही. मला हे ठाऊक होते आणि मी सेवेत असूनही गप्प राहिलो. कायद्यानुसार आम्ही दोघेही चुकलो.