शिडी घेणारा आणि शिडी चढणारा

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले वाहन घेऊन डोंगरात अथवा समुद्रकिनारी मुक्काम करावा, ही कल्पना आपल्याकडे नवी असली तरी अमेरिकेत ती अनेक दशके रुजलेली आहे. तेथे अशा वाहनास 'आरव्ही' म्हणतात. परदेशातील एखादी जीवनपद्धती स्वीकारताना तिच्यातील डोळ्यांत भरणाऱ्या वस्तू प्रथम येतात; त्यांच्यामागील शिस्त मागाहून येते आणि पुष्कळदा येतच नाही. या शिस्तीत शिडीसारख्या क्षुल्लक वस्तूचाही समावेश होतो, हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु माणसाचा पाय मोडण्यास क्षुल्लक वस्तू पुरेशी होते.

घर चाकांवर असले तरी त्याला छप्पर असतेच. त्या छपरावर वातानुकूलन यंत्र, झरोके आणि अलीकडे सौर पट्ट्याही बसविलेल्या असतात. सांध्यांवरचे लुकण ऊन आणि रस्त्याचे हादरे यांनी तडकते, पाणी झिरपते आणि आतील लाकूड कुजू लागते. म्हणून छप्पर वेळोवेळी तपासावे लागते आणि त्यासाठी वर चढावे लागते. मोठ्या वाहनांचे छप्पर जमिनीपासून अकरा-बारा फुटांवर असते. तेथून तोल गेलेला मनुष्य घराच्या पहिल्या मजल्यावरून पडल्यासारखाच पडतो.

येथे अर्थशास्त्रातील टंचाईचा प्रश्न उभा राहतो. प्रवासी वाहनात दोन गोष्टी दुर्मीळ असतात: जागा आणि वजन. वाहन किती भार वाहू शकेल याला मर्यादा असते. शिडीचे दहा-बारा किलोही त्या हिशेबात धरावे लागतात. त्यामुळे शिडी घेताना 'ही छपरापर्यंत पोचेल काय' या प्रश्नाऐवजी 'ही कप्प्यात मावेल काय' हा प्रश्न आधी विचारला जातो. टंचाईचा पहिला घाव नेहमी सुरक्षिततेवर बसतो, तो असा.

वास्तविक हिशेब अवघड नाही. टेकवून ठेवण्याच्या शिडीचा पाया, टेकूच्या उंचीच्या एकचतुर्थांश अंतरावर असावा आणि वर उतरावयाचे असल्यास शिडी कडेच्या निदान तीन फूट वर यावी, हा अमेरिकेतील सर्वमान्य नियम आहे. छप्पर ११ फुटांवर असेल तर पाया सुमारे पावणेतीन फूट दूर हवा आणि शिडीची लांबी साडेचौदा फुटांच्या आसपास हवी. बारा फुटांची शिडी अशा छपराला टेकते खरी. परंतु टेकणे आणि पुरणे यांत अंतर आहे. उतरताना हाताने धरावयास दांडा नसतो, आणि अपघात होतो तो त्याच क्षणी.

दुसरा हिशेब भाराचा. अमेरिकन मानकांनुसार शिड्यांचे २००, २२५, २५०, ३०० आणि ३७५ पौंड असे वर्ग पाडलेले असतात. म्हणजे सुमारे ९१ किलोपासून १७० किलोपर्यंत. या आकड्यात केवळ शरीराचे वजन धरावयाचे नसून कपडे, पादत्राणे, हत्यारे आणि हातातील सामान हेही धरावयाचे असते. ८० किलोचा मनुष्य पंधरा किलोचा यंत्रभाग घेऊन चढला की सर्वांत हलक्या वर्गाची मर्यादा ओलांडली जाते. तिसरी बाब धातूची. ॲल्युमिनियमची शिडी हलकी असते, परंतु ती वीजवाहक आहे. मुक्कामाच्या जागी वरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तर फायबरग्लासची शिडी जड आणि महाग असूनही योग्य ठरते. तरीही तारांपासून दूर राहावे लागतेच.

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची शिडी मिटल्यावर जेमतेम तीन फुटांची होते, म्हणून प्रवाशांना ती प्रिय आहे. मात्र तिच्या प्रत्येक पायरीची खिट्टी बसली आहे की नाही, हे चढण्यापूर्वी पाहावे लागते, आणि नळ्यांत वाळू अडकू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. वाहनाच्या पाठीमागे कायमची जडवलेली शिडी सोयीची दिसते. परंतु तिचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले होतात आणि तिलाही भारमर्यादा असते. साठवणुकीचेही तसेच आहे. शिडी बाहेर बांधावयाची तर तिला दोन ठिकाणी घट्ट पट्टे हवेत. सुटलेली शिडी मागून येणाऱ्या वाहनाचा घात करते. आत ठेवावयाची तर ती दार किंवा संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी अडवणारी नसावी. फायबरग्लास सतत उन्हात राहिल्यास त्याचा पृष्ठभाग झिजतो आणि तंतू उघडे पडतात. वाकलेला दांडा ठोकून सरळ करण्यापेक्षा शिडी मोडीत काढणे स्वस्त पडते.

अमेरिकेत हे घर बहुधा त्याचा मालकच चालवितो, आणि छपरावरही तोच चढतो. शिडीची किंमत आणि शिडीचा धोका एकाच माणसाच्या खात्यावर पडतात. महाराष्ट्रात चित्र निराळे असण्याचा संभव अधिक. एके काळी एस. टी.च्या टपावर सामान चढविण्यासाठी गाडीच्या मागे लोखंडी शिडी असे. तिच्यावरून डोक्यावर ट्रंक घेऊन चढणारा हमाल असे. ती शिडी कशी असावी हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसे. उद्या भाड्याच्या कॅराव्हॅनच्या छपरावर चढणारा चालक किंवा मदतनीस पोऱ्याच असेल. शिडी विकत घेणारा एक आणि तिच्यावर जीव टांगणारा दुसरा, अशी विभागणी झाली की वाचविलेले पैसे एकाच्या खिशात जातात आणि मोडलेले हाड दुसऱ्याच्या वाट्याला येते. बाजारपेठ हा दोष आपोआप दुरुस्त करीत नाही.

यासाठी नवा कायदा हवाच असे नाही. भारतीय मानक ब्युरोने शिड्यांच्या सुरक्षिततेची संहिता १९९१ सालीच प्रसिद्ध केलेली आहे. कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्यांच्या नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ काम होईल: वाहनाच्या उंचीला पुरेल अशी शिडी आहे काय, तिच्यावर भारमर्यादा मराठीत ठळकपणे लिहिली आहे काय, आणि ती ठेवण्यास निश्चित जागा व पट्टे आहेत काय. वाहन भाड्याने घेणाऱ्या कुटुंबानेही चालकाला वर पाठविण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: या शिडीवर आपण आपल्या मुलाला चढू दिले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर चालकानेही खालीच थांबावे.