सात जण बसवा, मग इंजिन ठरवा

सात सीटर गाडी घ्यायची म्हटली की घरात मॉडेलवरून भांडण होत नाही, इंजिनावरून होतं. मॉडेल बहुतेकदा ठरलेलंच असतं. बजेट, वेटिंग आणि शेजाऱ्यानं कुठली घेतलीय, या तीन गोष्टींनी ते परस्पर ठरवून टाकलेलं असतं. खरा खल त्यानंतरचा. पेट्रोल, सीएनजी, डिझेल, टर्बो की हायब्रिड? या विषयावर मत नसलेला मराठी पुरुष मी अजून पाहिलेला नाही. ज्यानं आयुष्यभर स्कूटर चालवली तो काकाही ‘डिझेलला तोड नाही’ असं ठासून सांगतो.

काकांचं चुकत नाही, ते फक्त 2012 सालात राहतात. त्या एप्रिलमध्ये मारुतीची अर्टिगा बाजारात आली, आणि मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपये 18 पैशांवर गेलं. डिझेल तेव्हा 40 रुपये 91 पैसे होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक असताना घरच्या गाडीला दुसरं इंजिन कोण कशाला घेईल? त्या अर्टिगाचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, टाटांच्या व्हिस्टात आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोतही तेच. गाडीवेड्यांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं.

मग ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि दोन्हींतला फरक आटत गेला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि मारुतीनं डिझेलचा नादच सोडला. नाशिकला बनणारी महिंद्राची मराझो आठवते? 2018 ची, शेवटच्या रांगेतही मोठ्या माणसाला नीट बसता येईल अशी ऐसपैस गाडी. ती आली 1.5 लिटर डिझेलवर आणि शेवटपर्यंत डिझेलवरच राहिली. पेट्रोल येणार, पेट्रोल येणार, असं लोक म्हणत राहिले, ते आलं नाही. गाडीच बंद झाली. मला अजून हळहळ वाटते, पण ते असो.

यंदा आमच्या दादानं गाडी घ्यायचं काढलं. दादा, वहिनी, दोन मुलं, आई-बाबा, असं वारज्याला सहा जणांचं घर. सणावाराला सातवा मी. गाव आजरा. दादा ऑफिसला कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे गाडीचं रनिंग महिन्याला जेमतेम सातशे किलोमीटर. त्यात आईचा दवाखाना, मुलांचे क्लास, रविवारची मंडई आणि गणपती, दिवाळी, मे महिन्यातल्या गावच्या खेपांची सरासरी. दादानं वहीत पाच रकाने आखले आणि रोज रात्री फोनवर मला त्यातलं काहीतरी वाचून दाखवू लागला.

पहिला रकाना सीएनजीचा, कारण सगळे तोच सल्ला देत होते. हिशेब असा. पेट्रोल गाडी 11 लाखांची धरू, तीच कंपनी फिटेड सीएनजी 11 लाख 90 हजारांची. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा एकरकमी कर 12 टक्के लागतो. सीएनजीचा 1 जुलै 2025 पासून एक टक्का वाढला, तरी तो 9 टक्केच आहे. म्हणजे कर अनुक्रमे 1 लाख 32 हजार आणि 1 लाख 7 हजार. पंचवीस हजार इथेच वाचले, जास्तीचे उरले पासष्ट हजार. ही करातली गंमत शोरूमवाले सहसा आपणहून सांगत नाहीत, कारण ते एकदम ऑन-रोड आकडा पुढे सरकवतात.

पेट्रोल 104 रुपये आणि शहरात पंधराचं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये. गॅस 90 रुपये किलो आणि किलोला बावीस धरलं तर चार रुपये आणि थोडे पैसे. फरक पावणेतीन रुपयांच्या आसपास. पासष्ट हजार वसूल व्हायला साधारण साडेतेवीस हजार किलोमीटर. ज्याचं रनिंग महिना पंधराशे आहे त्याचे पैसे सव्वा-दीड वर्षात सुटतात. दादाला लागणार जवळपास तीन वर्षं.

“तीन वर्षं काय, डोळ्यांसमोर निघून जातील,” दादा म्हणाला.

“आणि पंप कुठाय आपल्या रस्त्यावर?” वहिनींनी विचारलं. “पेट्रोल भरून दोन मिनिटांत बाहेर पडता येतं. गॅसच्या रांगेत कोण बसणार? तुम्ही तर बसनं जाता.”

वहिनींचा मुद्दा वहीतल्या कुठल्याच रकान्यात नव्हता. सीएनजी भरणं हे वेगळंच प्रकरण आहे. सगळ्यांनी खाली उतरायचं, गुडघे दुखणाऱ्या आईनंसुद्धा. पंपावर दाब पुरेसा नसेल तर सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि रांगेत घालवलेला वेळ अर्ध्यावरच फळतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यायची ती निराळीच. रिक्षावाले, टॅक्सीवाले हे सगळं करतात कारण त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांना ते परवडतंही. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या माणसानं पेट्रोल घेतलं तर मी त्याला नावं ठेवीन.

अॅव्हरेजचे हे आकडे मी मुद्दाम कमी धरले आहेत. जाहिरातीत अर्टिगाचा सीएनजीचा आकडा 26.11 आहे आणि पेट्रोल मॅन्युअलचा 20.51. हे आकडे खोटे नसतात, लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखे असतात. पुणेकर सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातात तिथल्याच एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात, ठरावीक चक्रानुसार चालवतात, आणि एसी बंद असतो. त्या रोलरवर सिंहगड रोडचं ट्रॅफिक नसतं. दोन गाड्यांची तुलना करायला आकडा चांगला, महिन्याचं बजेट बसवायला नाही.

त्यात पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज काही टक्के खाली येणारच. दादा याबद्दल तावातावानं बोलत असताना बाबांनी त्याला आठवण करून दिली की गावाकडचा आपला ऊस कारखान्यालाच जातो. दादा गप्प झाला. एका खिशातून जातं ते दुसऱ्या खिशात थोडंफार येतं, पण थोडंफारच.

डिझेलच्या रकान्यात आता पूर्वीसारखी गर्दी नाही. या आकारात किआ कॅरेन्स आहे, वरच्या पायरीवर 2.4 लिटरची इनोव्हा क्रिस्टा. ओढ म्हणाल तर आजही डिझेलच. भरल्या गाडीनं घाट चढताना गिअर बदलायची घाई नाही, आवाज चढवायची गरज नाही. पण बीएस-6 डिझेलला एक अट आहे. धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. घर ते क्लास आणि क्लास ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या चकरांत ती जळत नाही. फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मेकॅनिक गंभीर चेहरा करतो. शिवाय महाराष्ट्रात कर दोन टक्के जास्त. दहा वर्षांनी डिझेल गाडी बाद करायच्या दिल्लीतल्या नियमाची भीती इथे सगळे घालतात, पण तो नियम आपल्याकडे नाही. आठवड्याला पुणे-नागपूर करणाऱ्यानं डिझेल जरूर घ्यावं. मंडईला जाणाऱ्यानं घेऊ नये.

हायब्रिड मला मनापासून आवडतं. इनोव्हा हायक्रॉस सिग्नलला उभी राहिली की इंजिन बंद, हळूहळू पुढे सरकताना बॅटरीवर. शहरात ती जे अॅव्हरेज देते ते बघून लहान गाडीवाल्यानं मान खाली घालावी. पण किंमत वीस लाखांच्या बरीच पुढे. जास्तीचे एवढे पैसे महिना सातशे किलोमीटरमध्ये वसूल करायचे तर गाडी नातवाच्या नावावर घ्यावी लागेल. तो रकाना दादानं स्वतःच खोडला. टर्बो पेट्रोल छान पळतं, आणि जितकं पळवाल तितकं पितं. हप्ता भरून दमलेल्या माणसाच्या पायाला तो मोह नको. इलेक्ट्रिकच्या चार्जरसाठी सोसायटीची परवानगी हवी, आणि दादाच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा ठराव अजून पास व्हायचाय.

म्हणजे राहिले दोन, साधं पेट्रोल आणि सीएनजी. इथवर बहुतेक जण पोचतात. मग एका रविवारी नवरा-बायको टेस्ट ड्राइव्हला जातात, शोरूमभोवती एक चक्कर मारतात, ‘मस्त आहे’ म्हणतात आणि गॅसची गाडी बुक करून येतात. मी दादाला म्हटलं, गाडी सात जणांसाठी घेतोयस ना, मग सात जण घेऊन चल.

सेल्सवाल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “सर, मलापण बसावं लागतं गाडीत.” बाबा म्हणाले, “मग मी उतरतो, पण तुमचं वजन माझ्यापेक्षा जास्त दिसतंय, त्यामुळे चालेल.” मुलगा पुढे बसला, दादा चालवायला, मधल्या रांगेत आई, वहिनी आणि धाकटा, मागे मी आणि पुतणी. एसी चालू, मागचा ब्लोअर पुतणीनं पूर्ण वर नेलेला. नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे निघालो. हा चढ डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण उलट्या दिशेनं त्याच उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झालेत ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

टेस्ट ड्राइव्हची अर्टिगा गॅसवर होती. चौथ्या गिअरमध्ये दादानं पाय दाबला तरी काटा हलेना. तिसरा टाकला, आवाज वाढला, गाडी चढली, पण पुढच्या टेम्पोला ओव्हरटेक करायचा विचार त्यानं दोनदा करून सोडून दिला. अर्टिगा गॅसवर सुमारे 88 अश्वशक्ती देते, पेट्रोल गाडी 103. कागदावर पंधराचा फरक काही मोठा वाटत नाही. पण साडेअकराशे-बाराशे किलोच्या गाडीत सात माणसांचे चारशे किलो घाला, वर सिलिंडरचं वजन घाला, की त्या पंधरांची आठवण येते.

“सर, इंजिन अजून मोकळं झालेलं नाही,” मुलगा म्हणाला. “आणि घाटात बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची.”

त्याचं दुसरं वाक्य अगदी बरोबर होतं. दादानं बटण दाबलं आणि फरक लगेच कळला. पण मग हिशेब बदलतो. गावच्या वाटेवरचा खंबाटकी घाट पेट्रोलवर चढायचा, हायवेवर रांग नको म्हणून पेट्रोलच, आणि गॅस वाचवणार कुठे? शहरातल्या महिन्याच्या चार-पाचशे किलोमीटरवर. तीन वर्षांची चार-पाच वर्षं इथेच झाली.

बोगद्याच्या पुढून वळून परत आलो तेव्हा आईनं मागचं दार उघडायला लावलं. तिसरी रांग उभी असताना अर्टिगाची डिकी 209 लिटरची, तशी बेताचीच. गॅसच्या गाडीत तिथे सिलिंडर आडवा बसलेला. आईनं वाकून बघितलं आणि विचारलं, “तांदळाचं पोतं कुठं ठेवायचं?” सेल्सवाला म्हणाला, वर कॅरियर लावून मिळेल. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पावसात कॅरियरवर टाकून आणायचा, ही कल्पना आईला सहन झाली नाही. बॅगांचा प्रश्न मग कोणी काढलाच नाही.

दादानं साधं पेट्रोल मॅन्युअल बुक केलं. वाचलेल्या पासष्ट हजारांतून त्याचं वर्षभराहून थोडं जास्तच पेट्रोल निघतं, हे त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून मला फोटो पाठवला.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. रनिंग पंधराशेच्या वर असेल, रस्त्यातच पंप असेल आणि तिसरी रांग एरवी दुमडून ठेवणार असाल, तर डोळे मिटून सीएनजी घ्या. मात्र बुकिंगची रक्कम भरण्याआधी घरातली सगळी माणसं आणि शक्य असेल तर दोन बॅगा घेऊन एसी चालू ठेवून जवळचा एखादा चढ चढून बघा. शोरूमवाला नको म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा, गाडी तीच मिळते.