मुलीला ‘बाहेरचे’, मुलाचा ‘स्वभाव’

प्रत्येक वस्तीत अशी दोन घरे असतात. एका घरातली मुलगी म्हणते, “माझ्या मागे कोणीतरी उभे असते.” लगेच कोणीतरी आईच्या कानात सांगते, “बाहेरचे लागले आहे, दाखवून आणा.” दुसऱ्या घरातला मुलगा कोणात मिसळत नाही. त्याला एकही जिवलग मित्र नाही. बहिणीच्या लग्नातही त्याचा चेहरा हलत नाही. घरचे म्हणतात, “स्वभावच आहे त्याचा!”

वाचकहो, ही एकाच प्रकारच्या मनोवृत्तीची दोन रूपे असू शकतात. मानसशास्त्र तिला ‘स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व’ म्हणते. एड्रियन रेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली ती मोजण्यासाठी ७४ ‘हो-नाही’ प्रश्नांची यादी तयार केली. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात चमत्कारिक समजुती व चारचौघांत वाटणारी भीती स्त्रियांत अधिक आढळली. जवळचे मित्र नसणे व भावना चेहऱ्यावर न उमटणे हे पुरुषांत अधिक आढळले. अर्थात हा फरक सरासरीचा आहे. भास पुरुषांनाही होतात आणि एकलकोंड्या स्त्रियाही असतात.

तोटा मात्र दोघांचाही होतो. मुलीचा त्रास दिसतो, म्हणून तिला देवऋषीपुढे बसवतात. मुलाचा त्रास दिसतच नाही. ‘पुरुषाने रडू नये’ असे आपणच शिकवलेले असते, मग त्याचे अबोलपण कोणाला खटकणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घेतलेल्या घरांतूनही चोरून अंगारा आणला जातो, याचे आम्हांला दुःख होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

असे एखादे लक्षण दिसले म्हणजे रोग झालाच, असे नाही. कोणालाही ‘वेडा’ म्हणू नका. पण झोप, शाळा किंवा कामधंदा बिघडू लागला, तर मुलगी असो की मुलगा, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

आज रात्री जेवताना त्या अबोल मुलाशेजारी बसा. त्या घाबरलेल्या मुलीचे म्हणणे न हसता ऐका. करुणेची सुरुवात घरातूनच होते.

जय भीम!