खेळाडूचे ऐकणारे कोणी आहे का?

शाळेच्या स्मरणिकेत चषकांची छायाचित्रे अभिमानाने छापली जातात. ते चषक मिळवणाऱ्या मुलांच्या आहाराची, बुटांची, सरावाची तजवीज आपण करतो. मन मात्र वाऱ्यावर सोडतो. मूल हरले की ‘ऐन वेळी कच खाल्ली’ असा शेरा मारून मोकळे होतो.

वस्तुतः कच खाणे हा स्वभावदोष मानणे अन्यायाचे आहे. अंगवळणी पडलेली हालचाल विचार न करता घडत असते. ‘हरलो तर?’ ही धास्ती शिरली की खेळाडू त्याच हालचालीवर पहारा ठेवू लागतो आणि मुरलेल्या चढाईपटूचाही पाय अडखळतो. चढाईपूर्वीचा ठरलेला क्रम, स्वतःशी बोलायचे मोजके शब्द, गुणफलकावरचे लक्ष हातातील कृतीकडे आणणे, हे क्रीडामानसशास्त्राचे उपाय सरावानेच साधतात.

तथापि पदक हेच या शास्त्राचे प्रयोजन मानू नये. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर दाटलेल्या रितेपणाविषयी ते पुढे मोकळेपणाने बोलले. सिमोन बाइल्स यांनी २०२१ मध्ये टोकियोत, हवेत शरीराचे भान हरपू लागताच, सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. मानसोपचारांचा आधार घेत त्या परतल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकल्या. त्या परतल्या नसत्या, तरीही ती माघार योग्यच होती. जीव पदकाहून मोलाचा असतो.

वसतिगृहात हा प्रश्न अधिक बिकट होतो. आई-वडील दूर असतात आणि संघ निवडणाऱ्या क्रीडाशिक्षकाला आपली भीती सांगण्यास मूल धजत नाही. ‘रोज आनापान होते, मग समुपदेशक कशाला?’ असे कोणी विचारील. ध्यानाने चित्त स्थिरावते, हे खरे. परंतु झोप उडालेल्या, दुखापतीमुळे संघाबाहेर बसलेल्या मुलाला ऐकून घेणारे माणूसही लागते. समुपदेशकाचा संघनिवडीशी संबंध नसावा. आणि जिवाला धोका असल्याखेरीज मुलाने विश्वासाने सांगितलेले बाहेर जाऊ नये.

माजी विद्यार्थ्यांनी चषकांसाठी देणगी देताना या कामाचाही विचार करावा. आणि पालकांनी फोनवर ‘जिंकलास का?’ असे विचारण्याआधी ‘झोप नीट लागते ना?’ एवढे अवश्य विचारावे.