मुशीच्या भेटीला जाण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाच्या कल्पनांत लक्षणीय पालट झाला आहे. एके काळी पै-पै साठवून काश्मीर पाहण्यात किंवा रामेश्वरची यात्रा करण्यात धन्यता मानणाऱ्या कुटुंबांतील तरुण आज पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात उतरण्याचे, आणि तेही शार्क पाहण्यासाठी उतरण्याचे, बेत आखू लागले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना हा निव्वळ आततायीपणा वाटतो. पदरचे पैसे मोजून काळाच्या जबड्यात डोके कशाला घालायचे, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीच्या जागी विचारला जात आहे. शार्क आपले काय करील, यापेक्षा आपल्या जाण्याने शार्कचे काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

शार्कविषयीची आपली भीती अनुभवातून आलेली नाही. तिचे बरेचसे श्रेय १९७५ साली पडद्यावर आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटाकडे जाते. ज्या कादंबरीवरून तो बेतला होता, तिचे लेखक पीटर बेंचली यांना पुढे आपल्या लेखनाच्या परिणामांची खंत वाटली आणि त्यांनी उत्तरायुष्यात सागरसंरक्षणाचे कार्य केले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वस्तुतः साऱ्या जगात शार्कच्या हल्ल्याने मरणाऱ्या माणसांची संख्या बहुतेक वर्षी दहाच्याही आत राहते. उलट १९७० ते २०१८ या काळात खुल्या महासागरांतील शार्क आणि पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. भय कोणी कोणाचे बाळगावे, हे या आकड्यांवरून उघड व्हावे.

या ऱ्हासाचे कारण मासेमारी, आणि तो भरून न निघण्याचे कारण शार्कची जीवनरीत. बांगडा किंवा तारली यांच्याप्रमाणे ती लाखांनी अंडी घालत नाही. प्रवाळखडकांजवळ राहणारी करडी शार्क जवळजवळ वर्षभर गर्भ वाहते आणि एका वेळी जेमतेम एक ते सहा पिल्लांना जन्म देते. एक मादी जाळ्यात गेली, म्हणजे मुद्दल गेले. व्याजाची गोष्टच उरत नाही.

येथे प्रवाशाचा संबंध येतो. मालदीवमधील शार्क-मासेमारीचा १९९३ साली अभ्यास झाला, तेव्हा पाणबुड्या पर्यटकांना दिसणारी जिवंत करडी शार्क ही मारून विकलेल्या शार्कपेक्षा देशाला सुमारे शंभरपट मोलाची आहे, असे आढळले. कारण सोपे आहे. मेलेली शार्क एकदाच विकली जाते. जिवंत शार्क वर्षानुवर्षे रोज नव्या पाहुण्यांना दर्शन देते. पलाऊ या चिमुकल्या राष्ट्राने २००९ साली आपला सागर शार्कसाठी अभयारण्य म्हणून घोषित केला. मालदीवने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर सरसकट बंदी घातली. परंतु त्याच मालदीवच्या सरकारने खोल पाण्यातील गल्पर शार्कची मासेमारी पुन्हा सुरू करण्याची घोषणा २०२५ साली केली. संरक्षण एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे समजून चालत नाही, हा त्यातील धडा.

तेव्हा जावे, पण तयारीने जावे. २००९ नंतर मालदीवमध्ये स्थानिकांच्या वस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहे निघाल्यामुळे हा प्रवास केवळ धनिकांचा राहिलेला नाही. आपला पैसा अशा बेटावरील घरांत गेला, तर शार्क जिवंत ठेवण्यात तेथील रहिवाशांचाही स्वार्थ निर्माण होतो. काळाची निवडही विचारपूर्वक करावी. डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमात प्रवाह पूर्वेकडून प्रवाळवलयांत शिरतो. पूर्वेकडील सागरवाटांच्या तोंडाशी पाणी नितळ असते आणि शार्कचा वावरही तेथे अधिक. दक्षिण आरी प्रवाळवलयाच्या कडेला मात्र व्हेल शार्क बाराही महिने आढळते. हा जगातील सर्वांत मोठा मासा. परंतु त्याचा आहार सूक्ष्म जीवांचा आणि लहान माशांचा.

दुसरी तयारी स्वतःच्या शरीराची. पाण्याच्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याचेच बुडबुडे होऊन जिवावर बेततात. म्हणून सावकाश वर येणे, पृष्ठभागाखाली पाच मीटरवर काही मिनिटे थांबणे आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानात न बसणे, हे नियम पाळावेच लागतात. प्राथमिक प्रशिक्षण अठरा मीटर खोलीपर्यंतचे असते. प्रवाहाच्या पाण्यात पहिलीच बुडी मारण्याचा हट्ट धरू नये. मालवणजवळ तारकर्ली येथे असे शिक्षण मिळते. परदेशी जाण्यापूर्वी चार दिवस तेथे घालवणे शहाणपणाचे.

तिसरी तयारी वृत्तीची, आणि तीच कठीण. माशाला हात लावू नये, त्याची वाट अडवू नये, छायाचित्राच्या हव्यासाने व्हेल शार्कच्या तीन-चार मीटरच्या आत जाऊ नये. शार्कचे दर्शन हमखास घडवून देतो, असे सांगणारा नौकाचालक ते कशाच्या जोरावर सांगतो, हे आधी विचारावे. आमिष टाकून जमवलेल्या शार्क पाहणे आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटणे यांत फरक आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बिनतोड आहे. पर्यटकाची हौस भागते, हॉटेलवाल्याची तिजोरी भरते. जाळे फाटते ते मात्र कोळ्याचे. याचे उत्तर आपल्या शेजारीच सापडते. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्कची सर्रास कत्तल होत असे. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले. परंतु नुसत्या कायद्याने जाळी सुटली नसती. २००४ पासून मोरारीबापूंसारख्यांनी तिला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, फाटलेल्या जाळ्यांची भरपाई सरकारने देऊ केली, आणि कोळ्यांनी स्वतःच्या हातांनी जाळी कापून शेकडो मासे सोडले. महाराष्ट्रातही २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमारांना पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. अशी रक्कम वेळेवर कोळ्याच्या हाती पडते की नाही, याची चौकशी मालदीवला निघालेल्या सुशिक्षिताने का करू नये?

कोकणच्या बाजारात विकली जाणारी मुशी, मालवणात जिला मोरी म्हणतात ती, शार्कच असते. टोपलीत बहुधा लहान, अजून पिल्लेही न दिलेली मुशीच दिसते. परदेशी समुद्रात शार्कच्या दर्शनाने गहिवरायचे आणि घरी परतून पानात वाढलेल्या त्याच कुळातील पिल्लाकडे डोळेझाक करायची, ही विसंगती आपल्याला टोचली पाहिजे. कोळ्याला दोष देण्याचा येथे प्रश्न नाही. तो विकतो, कारण आपण घेतो. लहान मुशी नको, एवढे जरी गिऱ्हाईक ठामपणे म्हणू लागले, तरी सहलीच्या खर्चाचे चीज झाले असे म्हणता येईल.