किल्ली आपल्या हाती राहू द्या

आमच्या वाचनालयाच्या कपाटात एक सीडी होती. वर स्केचपेनने लिहिलेलं, 'सुवर्णमहोत्सवी स्मरणिका'. गेल्या वर्षी ती स्मरणिका पुन्हा छापायचं ठरलं. सीडी चालली, फाइलही उघडली. पण पडद्यावर मराठी कुठेच नव्हती. रोमन अक्षरं, कंस, अर्धविराम, डॉलरची चिन्हं, सगळा नुसता कालवा!

तो मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला होता, त्याची कंपनी कधीच बंद पडली होती. त्या काळी अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी साठवली जायची ती रोमन अक्षरंच. त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले असत आणि प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. मुखवटा गेला की खाली उरतो तो हा कालवा. शेवटी छापील प्रत समोर ठेवून आम्ही चौघांनी तीन आठवडे बसून सगळं पुन्हा टाइप केलं, या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुणा एका कंपनीच्या फॉन्टवर न अडणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात. छापील प्रत उरली होती म्हणून निभावलं.

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी, मंडळात, छापखान्यात अशा सीडी पडून आहेत. दिवाळी अंक, गावाचा इतिहास, कुणाचा प्रबंध. शब्द आपले, कुलूप मात्र दुसऱ्याचं.

आता हेच कुलूप आपल्या खिशात आलं आहे. आज सकाळपासून आपण फोनवर काय काय टाइप केलं ते आठवून पाहू. बहिणीला निरोप. डॉक्टरांना आईच्या साखरेचे आकडे. बँकेचा पासवर्ड. यातलं अक्षर न् अक्षर कीबोर्डच्या हातून गेलं. आणि मराठी टाइप करता यावं म्हणून आपण समोर दिसेल तो कीबोर्ड उतरवून घेतो, मागेल ती परवानगी देऊन टाकतो!

पर्याय आहेत. हेलीबोर्ड नावाचा एक मुक्तस्रोत कीबोर्ड अँड्रॉइडवर चालतो. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. शब्द सुचवण्यात तो मोठ्या कंपन्यांच्या कीबोर्डइतका चलाख वाटणार नाही, पण लिहिलेलं बाहेर पाठवायची वाटच त्याच्याकडे नाही. मला हा सौदा पटतो.

मुक्तस्रोत म्हणजे ज्या प्रोग्रॅमची मूळ संहिता कुणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारता येते. मराठीला याचं मोल फार. 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' यांतला आडवा र, पाकळीचा ल, देठाचा श हे आपल्याला जिवाभावाचे. दूरच्या कंपनीला ते किरकोळ वाटू शकतात. मुक्त फॉन्टमध्ये काही चुकलं तर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेला मुक्ता फॉन्ट अशाच मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे.

'मला काय लपवायचंय?' असं आपण सहज म्हणतो. पण माझ्या फोनमध्ये माझ्या एकटीचं असं थोडंच आहे? मावशीचा नंबर, शेजाऱ्यांच्या मुलीचा वाढदिवस, मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेला रिपोर्ट. संपर्कयादी उघडायची परवानगी मी देते, तेव्हा या सगळ्यांच्या वतीने देते. त्यांना न विचारता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. रोजच्या वापरात तो एकमेकांसाठी आपणच सांभाळायचा आहे.

आणि सांभाळता येतो. २०१६ साली अमेरिकेत सरकारने सिग्नल या निरोप पाठवायच्या मुक्तस्रोत अ‍ॅपकडे खातेदारांची माहिती मागितली. देण्याजोगं निघालं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही, ते देणार कुठून?

मग काळजी कशाची? ही मुक्त साधनं फार थोड्या खांद्यांवर उभी आहेत, याची. फायरफॉक्स हा मुक्तस्रोत ब्राउझर एके काळी इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक वापरत. आज अगदी थोडे उरलेत. २०२४ साली तर थरकाप उडाला. एक्सझेड नावाची एक छोटी प्रणाली, असंख्य सर्व्हरच्या पोटात बसलेली. ती सांभाळणारा एकच स्वयंसेवक, तोही थकलेला. मदतीच्या मिषाने कुणी अनोळखी माणूस आला, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. तो खोदत गेला आणि सगळं उघडकीला आलं. संहिता खुली होती, म्हणून त्याला खोदता आलं. पण त्या थकलेल्या माणसाशेजारी आधीच आणखी चारजण बसलेले असते तर?

आपण प्रोग्रॅमर नसलो तरी त्या चारजणांत बसू शकतो. फायरफॉक्स आणि लेखन-हिशेबाचा लिबरऑफिस हा मुक्त संच, दोन्ही मराठीत मिळतात, कारण कुणीतरी फावल्या वेळात एकेक वाक्य मराठीत आणलं. ते काम कधी संपत नाही आणि त्याला चांगली मराठी येणारी माणसं हवीत. शिक्षक, मुद्रितशोधक, निवृत्त मंडळी, आपणच की! फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्यं नुसती मोठ्याने वाचून आवाज देता येतो. तिथे नागपूरचा हेल हवा, मालवणचा हवा, कोल्हापूरचा तर हवाच.

सोसायटीचा हिशेब लिबरऑफिसमध्ये ठेवून पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणून धडधाकट संगणक भंगारात द्यायचे? त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर लिनक्स मिंट ही मुक्त संगणकप्रणाली छान चालते. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आली आहेत. आपल्या गावच्या शाळेत असा एक संगणक उभा करायला एक रविवार आणि एक हौशी भाचा पुरतो.

सगळं एकदम बदलायला कुणी सांगत नाही. घरातले सगळे ज्या अ‍ॅपवर आहेत, ते राहू दे. शेजारी सिग्नल असू दे, आधी दोन मैत्रिणींना तिकडे बोलवा. जमेल त्याने वर्षाला शंभर-दोनशे रुपये एखाद्या प्रकल्पाला द्यावेत.

आणि या रविवारी कपाटातल्या त्या सीडी बाहेर काढा. जुना संगणक, जुना फॉन्ट अजून चालतोय तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा. छापील प्रत असेल तर ती जपा. हात कमी पडले तर जवळच्या वाचनालयात विचारा. आमच्यासारखे चौघं तिथेही भेटतील.